पठारावरच्या वाडीला पाणी कुठून आणायचं?

सरपंचताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. माण आणि खटावच्या शिवेवरच्या पठारावर तुमची ६२ घरांची, ३१० माणसांची वाडी आहे. ओढ्याकाठी २० फूट व्यासाची एक सार्वजनिक विहीर आहे, ती फेब्रुवारीत तळ गाठते आणि टँकर सुरू होतो. कालवा चार किलोमीटरवर, पण दीडशे मीटर खाली. हातात थोडा निधी आलाय आणि गावात तीन मतं आहेत: सातशे फुटी बोअर घ्या, आरओ प्लांट बसवा, नाहीतर कालव्याचं पाणी वर चढवा. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘खाली सगळीकडे ऊस दिसतो, आम्ही मात्र कोरड्या बेटावर बसलोय.’

माझं उत्तर असं, की या तिन्हींतलं काहीही या उन्हाळ्यात करू नका. आधी ती विहीर मोजा. पैसे कुठे जात नाहीत.

तुमचा ‘बेट’ हा शब्द मला फार पटला. तीसेक वर्षं सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात भूजलाचं काम केलं, त्यात एकदा लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर काही दिवस राहायचा योग आला. आपल्या तिप्पट पाऊस पडतो तिथं, तरी पाण्याची ओढाताण आहेच. प्रवाळाच्या वाळूत मुरलेलं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ भिंगासारखं तरंगत असतं. हिशोब ढोबळ, पण लक्षात राहण्याजोगा आहे: गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असेल, तर खाली चाळीस फूट गोडं पाणी. म्हणजे वरचं फूटभर उपसून संपवलं की खालून चाळीस फूट खारं पाणी वर सरकणार. पोहऱ्याने शेंदलं तर आड वर्षानुवर्षं गोडा राहतो, मोटर लावली की मचूळ होतो. तिथल्या म्हाताऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. आपल्याकडे खाली समुद्र नाही, म्हणून उपसा जास्त झाल्याचं लवकर कळत नाही. पाणी खारं होत नाही, नुसतं जातं.

आता बोअरचं बोलू, कारण तुमच्याकडे त्याचाच रेटा जास्त दिसतोय.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, लाव्हाचे थर एकावर एक. वर माती, मग मुरूम, मग झिजलेला, भोकाभोकांचा खडक (विहिरीवाले त्याला मांजऱ्या म्हणतात) आणि त्याखाली अखंड कातळ. पाणी धरून ठेवायची ताकद मुरमात, मांजऱ्यात आणि दोन थरांमधल्या सांध्यात. तीही बेताचीच: शंभर घागरी मावतील एवढा खडक घेतला तर त्यातून दोन-तीन घागरी पाणी सुटतं. कातळात फक्त भेगा. सहाशे फुटांवर एखादी भेग लागते आणि पाणी उडतं, नारळ फुटतो, फोटो निघतात. पण ती भेग म्हणजे काही नदी नव्हे. शेकडो वर्षं झिरपून साठलेली ती शिल्लक असते, आणि ४५०-५०० मिलिमीटर पावसाच्या मुलखात ती परत भरायला आपलं आयुष्य पुरत नाही. शिवाय जितकं खोल जावं तितकी फ्लोराइड जास्त निघण्याची भीती. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेलं तर ते पाणी पिण्याला बाद, आणि ते ना डोळ्याला दिसतं, ना जिभेला कळतं.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत जत भागातल्या एका गावाला मी स्वतः बोअरची जागा दाखवली होती. साडेतीनशे फुटांवर अडीच इंची पाणी लागलं. गावाने माझा फेटा बांधून सत्कार केला. तिसऱ्या उन्हाळ्यात बोअर नुसती हवा ओढायला लागली, आणि तिच्यापासून चारशे फुटांवरचा, १९७२ च्या दुष्काळातही न आटलेला जुना आड तिच्याआधीच कोरडा पडला होता. दोघांच्या पोटात एकच सांधा होता, मी खालून भोक पाडून तो रिकामा केला. त्या आडावर रोज येणाऱ्या एका आजींनी मला पुढे रस्त्यात गाठून एवढंच विचारलं, ‘साहेब, आमचं पाणी कुठं नेलंसा?’ फेटा अजून कपाटात आहे.

म्हणून आधी विहीर. पद्धत सोपी आहे. तुमच्या बचत गटातल्या दोन बायका आणि शाळेतलं एक चुणचुणीत पोर, एवढे पुरेत. एक सुतळी घ्या, टोकाला दगड बांधा, दर अर्ध्या फुटावर रंगीत चिंधीची गाठ मारा. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी विहिरीचा उपसा करून पाणी तळाशी न्या आणि सात वाजता पातळी मोजा. रात्रभर कुणी मोटर लावायची नाही, हे आजूबाजूच्या शेतकऱ्यांना घरी जाऊन सांगा. पहाटे पाचला, पहिली घागर पडायच्या आधी, पुन्हा मोजा. सलग तीन रात्री हे करा. चौथ्या रात्री मात्र शेजारच्या मोटरी नेहमीसारख्या चालू द्या आणि तेव्हाही मोजा.

२० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण ८,९०० लिटर. रात्रीत वीतभर, म्हणजे नऊ इंच पाणी चढलं, तर साडेसहा हजार लिटर आलं. आता शेजारी हा आकडा ठेवा: टंचाईत टँकरने माणशी २० लिटर द्यायचा निकष आहे, ३१० माणसांचे होतात ६,२०० लिटर. म्हणजे एका रात्रीची एक वीत आणि तुमचा दिवसाचा टँकर हे जवळपास एकच झालं! मी अशा कितीतरी ‘कोरड्या’ विहिरी मोजल्यात. अगदी ठणठणीत कोरडी फार क्वचित निघते. बहुतेक वेळा विहीर रात्रभर भरते आणि पहाटे कुणाची तरी मोटर चालू होते.

चौथ्या रात्रीचा आकडा पहिल्या तीन रात्रींच्या निम्मा आला, तर पाणी कुठे जातंय ते समजायला पाणाड्याची गरज नाही. एक एकर डाळिंबात २९०-३०० झाडं बसतात. मे महिन्यात ठिबकवर झाडाला ४० लिटर धरलं तर रोजचे बारा हजार लिटर. तुमच्या अख्ख्या वाडीला टँकरने मिळतं त्याच्या दुप्पट पाणी एक एकर बाग पिते. मी डाळिंबवाल्याच्या विरोधात नाही. त्याने कर्ज काढून बाग लावलीय आणि माणदेशात नगदी पीक दुसरं आहे तरी कोणतं? पण हा हिशोब गावासमोर आला पाहिजे, आणि आला तर आकड्यात यावा, आरोपात नको.

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून (म्हणजे जिथून पाणी घेतलं जातं त्या जागेपासून) ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला १९९३ च्या भूजल कायद्यापासूनच बंदी आहे. पण कायद्याचा कागद घेऊन बागेत शिरलात, तर वाडी दोन पार्ट्यांत फुटेल आणि विहीर तशीच राहील. माझा अनुभव असा, की ग्रामसभेत हे बोलूच नये. त्या शेतकऱ्याच्या घरी संध्याकाळी चहाला जावं, बरोबर सुतळी न्यावी. टंचाईच्या काळात खाजगी विहीर किंवा बोअर प्रशासनाकडून अधिग्रहित करता येते आणि मालकाला त्याचा रोजचा मोबदला मिळतो. टँकरवर खर्च होण्यापेक्षा तोच पैसा गावातल्याच माणसाला मिळाला तर बिघडलं कुठे? माझ्या माहितीतल्या एका वाडीत असं ठरलं, की १५ फेब्रुवारी ते पहिला मोठा पाऊस या काळात विहिरीच्या वरच्या अंगाच्या तीन मोटरी रात्रीच्या बंद. बदल्यात पाझर तलावातला गाळ आधी त्या तिघांच्या रानात टाकायचा. लेखी काही नव्हतं. सहा वर्षं चाललं, मग एकाने जमीन विकली आणि नव्या मालकाबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. म्हणून तुम्ही लेखी करा.

पाण्यावर हक्क जमिनीचा की माणसाचा, हा वाद आपल्याकडे जुना आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तिथे पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर मोजलं. सांगली जिल्ह्यात बलवडीजवळ येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, तेव्हा भूमिहीनांचाही वाटा धरला. तुमच्याकडे तर प्रश्न शेतीचा नाही, पिण्याचा आहे. इथे तर वाद व्हायचं काही कारणच नाही, तरी होईल.

दुसरी गोष्ट पठाराच्या कडेची. पठारावर पडलेलं पाणी मुरतं, खाली जातं आणि दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या, गेरूसारख्या चिकट थरावर अडतं. मग ते आडवं सरकत डोंगराच्या पोटातून बाहेर पडतं. म्हणजे तुमच्या वाडीचं पाणी तुमच्या खाली पन्नास-शंभर फुटांवर उतारात झिरपत असतं आणि तुम्ही ते वरून सातशे फूट खोल शोधताय. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारा, एप्रिल-मेमध्ये उतारावर हिरवा पट्टा कुठे दिसतो, उंबर कुठे उभा आहे, मधमाश्या कुठे पाण्यावर येतात. त्यांना नक्की ठाऊक असतं.

किल्ले बांधणाऱ्यांना हे सगळं कळत होतं. वारूगड, महिमानगड, भूषणगड ही तुमच्याच परिसरातली बेटं, आणि तीही वेढा पडला तर तुटणारी. रामचंद्रपंत अमात्यांनी तर सांगून ठेवलंय, की गडावर आधी पाणी पाहावं, आणि झरा असला तरी त्यावर न विसंबता टाकी खोदावीत, कारण तोफांच्या दणक्याने झरे आटतात. आज तोफ नाही, पण बोअरची गाडी आहे.

असा झरा सापडला तर त्याच्या तोंडाशी दगड-सिमेंटची झाकलेली पेटी बांधायची, पाइपने खालच्या टाकीत घ्यायचं आणि छोट्या सौरपंपाने वर चढवायचं. मिनिटाला तीन लिटरचा झरा कुणाच्या खिजगणतीत नसतो. दिवसाचे होतात ४,३२० लिटर, म्हणजे वाडीच्या पिण्या-रांधण्याचं भागून उरतं. पेटी बांधताना झऱ्याचं तोंड मोठं करायच्या मोहात मात्र पडू नका. सुरुंग तर अजिबात नको. एकदा वाट बदलली की पाणी परत त्या तोंडाला येत नाही.

तिसरी गोष्ट छपराची, आणि इथे मला बेटावरच्या लोकांचा खरोखर हेवा वाटतो. बर्म्युडा बेटावर नदी नाही, ओढा नाही. घर बांधायचं तर छपराचं पाणी धरणारी टाकी बांधणं कायद्यानेच सक्तीचं आहे. टाकी नसलेलं घर त्यांच्या लेखी पुरं झालेलंच नसतं. आपल्याकडे मात्र ‘एवढ्याशा पावसात छपरावर काय पडणार’ असं म्हणून विषय संपतो. करू या का हिशोब? तुमच्याकडच्या साध्या पत्र्याच्या घराचं छप्पर ४० चौरस मीटर धरा. ४५० मिलिमीटर पावसात गळती-उडती सोडून १४,४०० लिटर मिळतं. वाईटात वाईट वर्ष धरू, २५० मिलिमीटर. तरी ८,००० लिटर. आता गरज बघा: पाच माणसांचं घर, फक्त पिणं आणि स्वयंपाक, माणशी पाच लिटर. नोव्हेंबर ते जून असे २४० दिवस धरले तर ६,००० लिटर. म्हणजे दुष्काळी वर्षातसुद्धा छप्पर घराला पाजू शकतं. अडचण पावसाची नाहीच, साठवायच्या भांड्याची आहे.

तरीही गावोगावी अशा टाक्या फुटक्या पडलेल्या किंवा कडब्याने भरलेल्या दिसतात, हे मी जाणून आहे. कारणं बहुतेक दोनच. टाकी हजार-दोन हजार लिटरची बांधतात, ती दिवाळीआधीच संपते आणि लोकांचा विश्वास उडतो. दुसरं म्हणजे पहिल्या पावसाचा घाण लोंढा आत जातो, पाण्याला वास येतो, मग ते पाणी धुण्याभांड्याला जातं. पन्हाळीतून येणाऱ्या उभ्या पाइपला टाकीच्या आधी एक फाटा काढा, खाली बूच लावा. पावसाच्या सुरुवातीचं पाणी त्या फाट्यात साठतं, तो भरला की पुढचं टाकीत. पाऊस थांबला की बूच काढून फाटा रिकामा करायचा. खर्च किरकोळ आहे, पण ते बूच काढायचं काम घरात कुणाचं, हे ठरलेलं असावं. आमच्या आईने ते काम वडिलांकडे दिलं होतं आणि वडील विसरायचे, त्यामुळे आमच्या टाकीत एका वर्षी चिमणीचं अख्खं घरटं निघालं.

आणि वेळ सांभाळा. आपल्या भागात पावसाची भिस्त परतीच्या पावसावर, सप्टेंबर-ऑक्टोबरवर. टाक्या ऑगस्टअखेर तयार नसतील तर वर्ष गेलं. निधीतून पहिल्या वर्षी पंधरा-वीस घरं करा, तीही अशी की ज्यांच्यात म्हातारी माणसं एकटी आहेत किंवा ज्यांचं घर विहिरीपासून सर्वांत लांब आहे. बाकीच्यांना ते पाणी पुढच्या मे महिन्यात दिसलं की पुढची घरं स्वतःहून पैसे घालतील.

शेततळ्यात पिण्याचं पाणी साठवा असंही कुणीतरी सुचवेल. ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल तळं सुमारे वीस लाख लिटर धरतं, ऐकायला छान वाटतं. उन्हाळ्यात रोज आठ मिलिमीटर पाणी नुसतं उडून जातं, ते होतं दिवसाला सात हजार लिटर, म्हणजे टँकरच्या वाट्यापेक्षा जास्त. जनावरांसाठी ते ठेवा. गाय-म्हैस रोज ५० लिटर पिते. माणसांचं पाणी झाकलेलंच हवं.

आरओबद्दल फार लिहीत नाही. आरओ पाणी तयार करत नाही, असलेल्या पाण्यातलं अर्ध्याहून जास्त फेकून थोडं शुद्ध देतो. विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्या, फ्लोराइड आणि नायट्रेट मर्यादेत असतील तर क्लोरिन पुरे. अख्ख्या गावाचा जीव एका यंत्रावर टांगायचा नाही, हेही बेटांनीच शिकवलंय. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवच्या राजधानीत, मालेला, खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटला आग लागली आणि अख्खं शहर एका दिवसात तहानलं, भारतातून विमानाने आणि जहाजाने पाणी न्यावं लागलं. आणि दूर कशाला, एप्रिल २०१६ मध्ये आपल्या मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेने लातूरला गेलं, तेही तसंच. तशी मदत वेळेला येते, पण दरवर्षी येईल असं धरून चालता येत नाही.

राहिला कालवा. हा पर्याय मी मोडीत काढत नाही. हजार लिटर पाणी दीडशे मीटर चढवायला, पंपाची घट धरून, एक युनिटच्या आतच वीज लागते. समुद्राचं पाणी गोडं करायला त्याच्या तीन-चारपट लागते. तेव्हा विजेचं बिल ही अडचण नाही. अडचण आवर्तनाची आहे: कालवा बारा महिने वाहत नाही, आणि दोन आवर्तनांच्या मध्ये तुमचा पाइप कोरडा. शिवाय चार किलोमीटरचा पाइप चार जणांच्या रानातून येणार, त्याला भोकं कुठे पडतील हे तुम्हीच मला सांगू शकाल. आधी पाच-सहा लाख लिटरची झाकलेली टाकी वर असेल, विहीर सांभाळलेली असेल, तर तीन-चार वर्षांनी लिफ्ट करा. तेव्हा ती आवर्तनात टाकी भरेल, बाकीचे दिवस विहीर चालेल.

टँकर या वर्षी यावाच लागला, तर तो विहिरीत ओतू देऊ नका. कोरड्या विहिरीच्या तळाच्या भेगा निम्मं पाणी पिऊन टाकतात आणि उरलेलं गढूळ होतं, वर काठावर बायकांची झुंबड, एखादी पाय घसरून पडते. दहा हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी चौथऱ्यावर बसवा, सहा तोट्या काढा.

तर मेच्या पहिल्या आठवड्यातले चार रात्रींचे आकडे मला पाठवा. सोबत विहिरीचा व्यास पुन्हा एकदा मोजा, पण वरच्या कठड्याजवळ नको. जुन्या विहिरींचं तोंड रुंद आणि पोट अरुंद असतं. पाणी जिथे उभं आहे, तिथला व्यास पाहिजे. एखादं पोहणारं पोर खाली उतरवा, कमरेला दोर बांधून.